पुन्हा नीट, या वेळी नीट!

मेडिकलची सीट हुकली की घरात एकच प्रश्न उरतो, अजून एक वर्ष द्यायचं का? दोनदा हुकलेल्या मोठ्या बहिणीने बोईसरला जाऊन केलेला हा पंचनामा...

शनिवारची संध्याकाळ. अंधेरीच्या एका कॉफी शॉपमध्ये मी भलत्याच स्टोरीचा इंट्रो लिहीत बसले होते. मोबाइल वाजला. ‘ताई, ३८४. पप्पांना अजून सांगितलं नाहीये. सेकंड शिफ्टला आहेत.’

तारीख १४ जून २०२५. नीटचा निकाल लागला होता आणि बोईसरला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला ७२० पैकी ३८४ पडले होते. घरात सगळे तिला छोटी म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार. रविवारी सकाळी विरारहून डहाणू लोकल पकडली. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते आणि तेव्हापासून आम्ही बोईसरवाले स्वतःला मुंबईकर म्हणवून घेतो. मुंबईकर मानत नाहीत, तो भाग वेगळा!

बोईसर स्टेशनबाहेर आले तर निकालाला चोवीस तासही झाले नव्हते, तरी फ्लेक्स लागले होते. हसरे चेहरे, खाली मार्क, त्याखाली क्लासचा फोन नंबर आणि ‘रिपीटर बॅचचे प्रवेश सुरू’. एमआयडीसीचा तो ओळखीचा वास, रिक्षावाल्यांची हाकाटी आणि वर हे फ्लेक्स. घरी पोचले तर मामी पोहे परतत होती आणि मामा गप्प बसून पेपर वाचत होता. म्हणजे पेपर हातात होता.

‘आलीस? बरं झालं,’ मामा म्हणाला. ‘आता तूच सांग. अजून एक वर्ष द्यायचं का हिला?’

मलाच का विचारलं? कारण या विषयातली घरातली एक्स्पर्ट मीच. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा सीट हुकली. आणि हा प्रश्न फुकटचा नव्हता. मामा तारापूर एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये काम करतो, छोटीचा भाऊ दहावीत, आणि मागच्या दोन वर्षांच्या क्लासचे पैसे मामाने पीएफमधून काढले होते.

सॉरी, पण आधी माझी कहाणी

मी बारावी झाले २०१६ मध्ये. ज्यांना ते वर्ष आठवतंय, त्यांच्या पोटात आत्ताही गोळा आला असेल. आम्ही सगळे एमएचटी-सीईटीच्या भरवशावर होतो. सीईटी म्हणजे फक्त बारावीचा सिलॅबस, निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावी ही आमच्यासाठी दहावी आणि बारावीच्या मधली विश्रांती होती. ११ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने २०१३ मधला स्वतःचाच निकाल मागे घेतला आणि मेलेली नीट पुन्हा जिवंत झाली. २८ एप्रिलला आदेश आला, परीक्षा १ मे आणि २४ जुलै अशा दोन टप्प्यांत. ५ मे ला आम्ही सीईटी देऊन आलो, ९ मे ला कळलं की राज्यांच्या सीईटी चालणार नाहीत. आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून एनसीईआरटीचा एकच सेट आणला आणि तो चॅप्टर फाडून वाटून घेतला. खरंच फाडून! मग २४ मे ला वटहुकूम निघाला आणि त्या वर्षापुरत्या राज्याच्या जागा पुन्हा सीईटीवर आल्या. माझी सीईटी बरी गेली होती. सीट न मिळण्याइतकी बरी.

मग ड्रॉप. रोज लोकलने एका क्लासला. क्लासचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि माझी जास्त. पहिल्या दिवशी कोरी करकरीत वही घेतली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि फिजिक्सच्या पहिल्या चॅप्टरपासून सुरुवात केली. जे येत होतं तेच पुन्हा वाचायला इतकं छान वाटायचं! पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या ओळींवर गुलाबी हायलायटर. थर्मोडायनॅमिक्स आणि अकरावीचं ऑरगॅनिक ‘दिवाळीनंतर बघू’, मग ‘जानेवारीत बघू’. ७ मे २०१७ ला, नीट पहिल्यांदा मराठीतूनही झाली त्या वर्षी, मी पेपर उघडला आणि जिथे २०१६ मध्ये अडले असते तिथेच अडले. पहिले पाढे पंचावन्न. मी बीएमएमला अ‍ॅडमिशन घेतली आणि आज तुमच्यासाठी हे लिहितेय.

त्यामुळे मामाला मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही. म्हटलं, ‘आधी हिचा पेपर बघू.’

का, हे कुणी विचारतच नाही

अमेरिकेत मेडिकलला दुसऱ्यांदा अर्ज करणारी मुलं वर्षभर हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून राबतात, लॅबमध्ये काम करतात, ‘मला डॉक्टर का व्हायचंय’ यावर नव्याने निबंध लिहितात, नवी शिफारसपत्रं मिळवतात आणि इंटरव्ह्यूची तयारी करतात. आपल्याकडे? शून्य. छोटीला डॉक्टर का व्हायचंय हे सगळ्या प्रक्रियेत कुणी एकदाही विचारणार नाही.

खरं तर तिच्याकडे उत्तर आहे. तिचा जन्म वलसाडचा. मामीची केस अवघड झाली तेव्हा गाडीने तिला गुजरातेत न्यावं लागलं. डहाणू-तलासरी पट्ट्यात पेशंट वलसाड किंवा सिल्वासाला नेणं यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. डहाणू तालुक्यात एक खासगी मेडिकल कॉलेज आहे. सरकारी कॉलेजांसाठी जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जी यादी मंजूर केली त्यात पालघरचं नाव होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यात अंबरनाथ होतं, पालघर नव्हतं. छोटीने ती बातमी कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलीये. निबंध लिहायला सांगितला असता तर तिने फर्स्ट क्लास लिहिला असता!

पण आपला अर्ज म्हणजे दोनच गोष्टी, मार्क आणि कागद. पुन्हा अर्ज करताना या दोनच गोष्टी बदलता येतात. बारावी पुन्हा द्यायची गरज नसते, पीसीबीला ओपनला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के असले की पात्रता होते. किती वेळा बसायचं यावर बंधन नाही आणि मार्च २०२२ मध्ये वरची वयाची अटही निघाली.

३८४ चं पोस्टमॉर्टेम

निकालाआधी एनटीए तुमच्या ओएमआर शीटची स्कॅन कॉपी आणि उत्तरतालिका साइटवर टाकते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर प्रश्नामागे २०० रुपये भरून आव्हान देता येतं. बहुतेक मुलं यावरून फक्त मार्क मोजतात आणि विंडो बंद करतात. वेळीच डाउनलोड करून ठेवा, ड्रॉपच्या वर्षातलं यापेक्षा महत्त्वाचं पुस्तक नाही. छोटीने सुदैवाने ठेवलं होतं.

दुपारी जेवणं झाली आणि आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून बसलो. १८० प्रश्न. बरोबर १०९, चूक ५२, सोडलेले १९. म्हणजे ४३६ मिळवले आणि ५२ घालवले. फिजिक्समध्ये २१ चुका, केमिस्ट्रीत १३, बायोलॉजीत १८. इथपर्यंत सगळेच करतात. मग मी तिला एका कागदावर तीन रकाने आखायला लावले. ‘येत होतं, तरी चुकलं’, ‘अंदाजपंचे’, आणि ‘येतच नव्हतं’. प्रत्येक चुकीवर बोट ठेवून, खरं बोलायचं, ताईला वाईट वाटेल म्हणून लपवायचं नाही.

दोन तास लागले. मधे दोनदा रडून झालं. उत्तर आलं: १७, १४ आणि २१.

आता गंमत बघा. येत असताना चुकलेला प्रश्न चारचा नाही, पाच मार्कांचा असतो, कारण मिळणारे चार गेले आणि असलेला एक कापला. १७ गुणिले ५, ८५. अंदाजपंचे मारलेले १४ नुसते सोडले असते तरी १४ वाचले असते. म्हणजे ९९. एकही नवा चॅप्टर न शिकता ३८४ चे ४८३!

‘म्हणजे मी ढ नाहीये?’ छोटीने विचारलं. मामाने पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

मग आम्ही त्या १७ प्रश्नांच्या मागे लागलो. त्यातले ११ शेवटच्या पाऊण तासातले निघाले. २०२२ ते २०२४ पर्यंत पेपर २०० मिनिटांचा होता आणि काही प्रश्न ऐच्छिक असायचे. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं की आता पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटं, ऐच्छिक काही नाही. छोटीच्या तोवरच्या सगळ्या सराव परीक्षा जुन्या घड्याळावर झालेल्या. त्यात ४ मे चं फिजिक्स देशभर सगळ्यांनाच जड गेलं. ती फिजिक्समध्ये अडकली, मग बायोलॉजीची धावपळ झाली आणि ‘अयोग्य विधान ओळखा’ मधला ‘अ’ तिने वाचलाच नाही. चार वेळा!

आणि मंडळी, आपल्या ३८४ ची तुलना शेजारच्या दादाच्या गेल्या वर्षीच्या मार्कांशी करू नका. २०२४ मध्ये आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. वाढीव मार्कांचा घोळ, पेपरफुटी, सुप्रीम कोर्ट, सगळं झाल्यावर सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्याला ६८६ आणि ६५० च्या वर सगळे मिळून फक्त ७३ जण. त्याच मार्कांची किंमत दर वर्षी वेगळी असते, त्यामुळे बघायचा तो रँक. दुसरा गोड गैरसमज ‘क्वालिफाय’ या शब्दाचा. २०२५ मध्ये ओपनची पात्रता १४४ मार्कांची होती आणि १२ लाख ३६ हजार मुलं पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. काकू पेढे वाटतात ते या पात्रतेचे.

फ्लेक्सवाल्यांचं काय करायचं?

संध्याकाळी आम्ही दोघी एका क्लासच्या ऑफिसात जाऊन आलो. एसी, काचेचं टेबल, गोड बोलणाऱ्या मॅडम. मी दोन प्रश्न विचारले. तुमच्या फ्लेक्सवरच्या मुलांपैकी रिपीटर किती? आणि त्यांचे आदल्या वर्षीचे मार्क किती होते? मॅडमनी आम्हाला चहा पाजला. उत्तर नाही दिलं.

माझं मत विचाराल तर सरसकट रिपीटर बॅच हा आजार जाणून न घेता सगळ्यांना एकच गोळी देण्याचा प्रकार आहे. ज्याला शिस्त लागत नाही किंवा घरी बसायला कोपराच नाही, त्याला ती उपयोगी पडतेही. लातूरला, कोट्याला जाऊन सुधारलेली मुलं आहेत. पण छोटीचं पहिल्या रकान्याचं दुखणं होतं. तिला लेक्चर कमी आणि घड्याळ लावून सोडवलेले पेपर जास्त हवे होते. शेवटी ठरलं ते असं: फक्त फिजिक्ससाठी आठवड्यातून दोनदा पालघरला एका सरांकडे, दर रविवारी दुपारी २ ते ५ पूर्ण पेपर आणि सोमवारी सकाळी फक्त चुकांची वही. मामाची नाइट असली की दिवसा घरात आवाज करता येत नाही, म्हणून ती अभ्यासिकेत बसते. कॉलेजला नाव घालायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला. मामीचं म्हणणं, एफवायला नाव असलेलं बरं. मी म्हटलं, हजेरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वर्ष जाईल. मामी जिंकली. (आणि डिसेंबरपर्यंत छोटी कॉलेजला किती दिवस गेली हे मी मामीला सांगितलेलं नाही.)

कोट्यावरून एक आठवलं. काही पालक मुलांना अकरावी-बारावीसाठीच तिकडच्या नावापुरत्या शाळांत घालतात. आपल्या राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, वर डोमिसाइल. टॅप्स कॉलनीतल्या, म्हणजे बाहेरच्या राज्यांतून बदलून आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळे नियम आहेत, ते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचावेत. आणि ऑल इंडियाच्या शेवटच्या स्ट्रे राउंडला उगाच पसंतीक्रम भरू नका. तिथे मिळालेली सीट घेतली नाही तर डिपॉझिट जातंच आणि पुढच्या नीटलाही बसू देत नाहीत.

आजोबांचा दाखला

आता कागद. याला कुणी अभ्यास म्हणत नाही, पण छोटीच्या घरचं निम्मं वर्ष यातच गेलं.

छोटी ओबीसी. जातीचा दाखला होता, व्हॅलिडिटी नव्हती. बारावीत असताना कॉलेजमार्फत अर्ज करायचा असतो, तेव्हा ‘आधी मार्क तर पडू देत’ म्हणून राहून गेलं. व्हॅलिडिटी नसेल तर प्रवेशाच्या वेळी तुम्ही ओपनमध्ये. म्हणजे वर्षभर घासून मिळवलेल्या मार्कांचा हिशेबच बदलतो. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीची नोंद असलेला पुरावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे आणि त्यांची तपासणी समितीही वेगळी. आपल्या जिल्ह्यात दर तिघांत एक जण आदिवासी. ज्यांच्या पणजोबांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही, त्यांनी १९५० चा कागद कुठून आणायचा हे विचारून बघा कुणाला तरी.

आमचं त्या मानाने सोपं होतं. आजोबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, शाळेत गेले होते. त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्या घरी माळ्यावर. जुलैतल्या एका पावसाळी दुपारी छोटी वर चढली आणि मी खाली टॉर्च धरून उभी. जुनी रेशनकार्डं निघाली, एलआयसीच्या पावत्या, आजीच्या बांगड्यांचा रिकामा डबा. दाखला नाही. माझं एक पिवळं पडलेलं बाड मात्र निघालं, ते छोटीने काखेत मारलं.

मग मामाने फर्स्ट शिफ्ट करून गावच्या जिल्हा परिषद शाळेत तीन चकरा मारल्या. तिसऱ्या खेपेला हेडमास्तरांनी कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टर काढलं. वाळवीने कडा खाल्लेलं पान, निळी-काळी शाई, आजोबांचं नाव, जात, आणि ‘तालुका पालघर, जिल्हा ठाणे’. प्रवेशाचं साल १९५३. मामाने मला फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं.

त्यानंतर वंशावळ, अ‍ॅफिडेव्हिट, समितीकडे अर्ज. डोमिसाइलला वेगळीच गंमत, जन्माच्या दाखल्यावर वलसाड! मग शाळेचे दाखले, लाइटबिलं, रहिवासाचे पुरावे. नॉन-क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा तो पुन्हा काढावा लागणारच. मधल्या वर्षाचं गॅप अ‍ॅफिडेव्हिट लागेल. या निमित्ताने मी कोळगावचं २०२१ मध्ये झालेलं जिल्हा मुख्यालय आतून पाहिलं, एकदम चकाचक! बाहेर झेरॉक्सवाल्याकडे मात्र तीच रांग. व्हॅलिडिटी ऑक्टोबरमध्ये हातात आली.

सगळ्यांनीच थांबावं असं नाही

याच सगळ्यात माझी एक शाळेतली मैत्रीण भेटली. पालघरच्या दांडेकर कॉलेजातून बीएस्सी केमिस्ट्री, आता तारापूरच्या एका औषध कंपनीत क्यूसी लॅबमध्ये. वयाची अट निघाल्यापासून तिच्याही डोक्यात किडा वळवळत होता. नोकरी सांभाळून तिने २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी नीट दिली, कंपनीच्या बसमध्ये बायोलॉजी वाचून. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल. तिलाही मी तीन रकाने आखायला लावले. तिसरा रकाना पार खालपर्यंत भरला. ती शांतपणे म्हणाली, ‘हे भरून काढायचं तर नोकरी सोडावी लागेल. नाही सोडायची मला.’ कर्ज तिच्या नावावर आहे घराचं. त्या रात्री आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन भजी खाल्ली आणि नीटचा विषय काढला नाही.

डिसेंबरच्या एका रविवारी मी पुन्हा बोईसरला होते. छोटीचा पेपर पाचला संपला. मार्क विचारायचे नाहीत असं ठरलंय, म्हणून विचारले नाहीत. तिने चुकांची वही मिटली आणि गादीखालून ते पिवळं बाड काढलं. माझी २०१७ ची प्रश्नपत्रिका! पेन्सिलने गोल केलेली माझी उत्तरं तशीच होती. तिने मोबाइलवर उत्तरतालिका उघडली, लाल पेन घेतलं आणि माझ्याच पुस्तिकेच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले.

मी लोकलची वेळ बघत होते. ती मान वर न करता एकेक प्रश्न तपासत होती.

‘ताई,’ अर्ध्या तासाने ती म्हणाली, ‘तुझ्या पहिल्या रकान्यात तेवीस आहेत.’

मी माझी लोकल सोडली आणि तिच्याशेजारी खाली बसले. म्हटलं, ‘दाखव कुठले.’